कोपराखाली चार बोटं

मार्केट यार्डात, हळदीच्या पेढीवर, बारा वर्षं
मी हिशोब लिहिते.
तोलाई, हमाली, बारदान, कडता.
कुठल्या रकान्यात माणूस गंडतो, मला ठाऊक असतं.
म्हणून ओट्याची कोटेशनं
रात्री भांडी घासून झाल्यावर
त्याच ओट्यावर पसरून वाचली.

भिशीचे पंचवीस हजार. त्याच्या वर एक रुपया नाही,
असं मी भरतेशला बजावलं.
भरतेश म्हणाला, मी कुठं काय म्हणतोय.

पहिलं कुपवाड रोडचं. अठरा हजार चारशे,
ठळक अक्षरांत. मग बारीक अक्षरं सुरू झाली:
जीएसटी वेगळा.
जुना ओटा फोडायचे अडीच हजार.
राडारोडा उचलायला ट्रॅक्टर, आठशे.
सिंकचं भोक पाडायचे सहाशे.
(अक्का असत्या तर म्हणाल्या असत्या,
नसलेल्या दगडाचेसुद्धा पैसे?)
बेरीज केली. पंचवीस हजार सहाशे बारा.

दुसरं विश्रामबागच्या शोरूमचं,
गुळगुळीत कागद, सोबत पेन फुकट.
क्वार्ट्झ. खाली प्लायवुडच्या ट्रॉल्या, आवाज न करता मिटणाऱ्या.
पोरगा म्हणाला, मॅडम, प्लाय वॉटरप्रूफ आहे.
मी विचारलं, किती फुटांपर्यंत?
त्याला कळलं नाही. गावात नवा असावा.
आमच्या गल्लीत कृष्णामाई आली
की गॅसची टाकी तरंगत दारापर्यंत जाते.
एक लाख दहा हजार.
पेन मात्र चांगलं चालतं. हे त्यानंच लिहितेय.

तिसरे मिरजेचे इकबाल मुजावर.
टेप काढायच्या आधी म्हणाले,
ताई, जरा ओट्यापाशी उभ्या राहा. चपाती लाटता तशा.
राहिले. हातात लाटणं नव्हतं, तरी मनगटं हलली.
त्यांनी लांबूनच कोपर बघितलं,
भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली.
कोपराखाली चार बोटं, म्हणाले, तिथं ओटा पायजे.
ह्यो आणखी सहा बोटं खाली आहे.
कुणासाठी बांधला होता?

अक्कांसाठी. अक्का चार फूट नऊ इंच.
मी पाच-पाच.
एकवीस वर्षं त्यांच्या उंचीवर वाकून भाकऱ्या थापल्या
आणि रात्री कंबरेला बाम चोळताना
वयाला बोल लावला.
अक्कांचा दोष नाही. त्यांना गवंड्यानं विचारलं असेल.
मला विचारायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही,
माझ्यासकट.

इकबालभाईंचं कोटेशन कॅलेंडरच्या पाठीमागं, कोऱ्या बाजूला.
काळा ग्रॅनाइट, खाली कडप्प्याचे कप्पे,
फोडणं, उचलणं, भोक, सगळं धरून
सत्तावीस हजार नऊशे.
उंचीचे किती लावले?
ते हसले नाहीत. म्हणाले, एका विटेचा थर जास्त,
धरलाय त्यातच.

घासाघीस केली, पेढीवरची बाई मी.
चारशे उतरले. अडीच हजार तरीही वर.
शेगडी मग जुनीच राहील, दिवाळीनंतर बघू.
भरतेशला सांगितलं.
मी कुठं काय म्हणतोय, म्हणाला,
आणि उठून त्या पेन्सिलीच्या रेघेपाशी
स्वतःचं कोपर लावून बघितलं.

एक बाब तिन्ही कागदांत नव्हती.
जुन्या कडप्प्याची डावी कड, जिथं अक्का
वरवंट्यानं हळकुंडं फोडायच्या;
पिवळेपणा आत मुरलाय, कुठल्याच पावडरीनं निघत नाही.
तेवढा दीड फूट कापून द्या, म्हटलं.
न्हाणीपाशी ठेवीन. कापायचे किती?

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली,
लिहिलं, काप, एक नग,
आणि पुढं रकमेची जागा
तशीच सोडली.